जांभळीच्या पानातले बिऱ्हाड

हेलिओझेलिडी हे पतंगांचे एक लहान कुळ आहे. जगातल्या पतंग-फुलपाखरांची कुळवार मोजदाद २०११ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा एकूण जाती दीड लाखाच्या पुढे गेल्या होत्या. त्यांत या कुळाच्या जाती होत्या १२३. यातल्या पतंगाने पंख पूर्ण पसरले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चार ते आठ मिलिमीटर भरतात. काळपट-तपकिरी पंखांना धातूची झाक असते, त्यांवर चंदेरी किंवा सोनेरी ठिपके असतात. पतंग म्हटला की आपल्याला रात्र आणि दिवा आठवतो. हे पतंग मात्र उन्हात उडतात, म्हणून रात्री पांढरा पडदा लावून दिव्यावर पतंग गोळा करणाऱ्या अभ्यासकांनाही ते सहसा मिळत नाहीत. त्यांना शोधायचे तर झाडाची पाने बघावी लागतात, कारण त्यांच्या अळीचे जवळजवळ सगळे आयुष्य एका पानात जाते. पानावर नव्हे, पानाच्या आत. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्या मधल्या जागेत.

ही पुस्तिका अशा पाने पोखरणाऱ्या पतंगांविषयी आहे, आणि ती बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. लोणारच का, हे आधी सांगायला हवे.

लोणारला जग आले ते दगडासाठी आणि पाण्यासाठी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, आणि त्यानंतर हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा यावर बरीच दशके वाद चालला. आघातानेच तयार होणाऱ्या काचा आणि खुणा दगडात सापडल्या, तेव्हा तो वाद मिटला. वयाचा प्रश्न त्यानंतरही राहिला: एका पद्धतीने ते बावन्न हजार वर्षे आले, तर आर्गॉनच्या मोजणीने पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास. मग पाणी. त्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याइतके अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, देशभर छायाचित्रे फिरली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठ मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले. हे सगळे व्हायलाच हवे होते आणि त्याचा अभिमान बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आहे.

पण विवर म्हणजे फक्त तळाचे पाणी आणि काठाचा बेसाल्ट नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या वाटीच्या उतारांवर जंगल आहे. २००० साली अभयारण्य जाहीर झाले ते त्या जंगलासकट. धारेच्या झऱ्याच्या पायऱ्या उतरून कमळजादेवीच्या मंदिराकडे चालत जाणारा माणूस साग, पळस, कडुनिंब, बोर, सीताफळ, बाभूळ यांच्यामधून जातो. मोर दिसला की थांबतो. वानर दिसले की पिशवी सांभाळतो. हाताशी लागणाऱ्या पानांकडे मात्र तो बघत नाही, आणि लोणारवर आवडीने लिहिणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनीही पानांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. या पुस्तिकेचा हेतू एवढाच की त्या वाटेवर, गावातल्या बांधाधुऱ्यावर, शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या झाडांची पाने आपण वाचायला शिकावे.

आणि वयाचाच मान द्यायचा तर पानातल्या या अळ्यांना तो दगडाच्या आधी द्यावा लागेल. लोणारला उल्का आदळली तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्का भागात सापडलेल्या पानांच्या जीवाश्मांवर पाने पोखरणाऱ्या पतंगांच्या अळ्यांचे बोगदे जसेच्या तसे उमटलेले आहेत आणि त्यांचे वय साडेनऊ कोटी वर्षांहून जास्त आहे. त्यांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बोगद्यांच्या वळणांवरून आणि त्यांत पडलेल्या विष्ठेच्या रेषेवरून आजच्या कोणत्या कुळांशी त्यांचे नाते आहे, हे अभ्यासकांना ओळखता आले. म्हणजे महाराष्ट्राचा काळा कातळ लाव्ह्याच्या रूपात बाहेर पडायच्या कितीतरी आधी, डायनोसॉर हिंडत होते त्या काळात, पान पोखरण्याची ही रीत पक्की झालेली होती.

आता एक पान हातात घेऊ. जांभळीचे घेऊ, कारण ते झाड सगळ्यांना माहीत आहे आणि भारतातल्या हेलिओझेलिडी कुळाची एक चांगली ओळख जांभळीवरच होते. त्या जातीचे नाव अँटिस्पिला ॲना. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत इम्पीरियल एंटोमॉलॉजिस्ट असलेले टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी १९२० मध्ये ते प्रसिद्ध केले. फ्लेचर पुसाला बसून देशभरच्या छोट्या पतंगांचे जीवनक्रम लिहीत होते. मिळालेले नमुने इंग्लंडमध्ये एडवर्ड मेरिक यांच्याकडे जात. मेरिक पेशाने शाळामास्तर, मार्लबरो कॉलेजात शिकवायचे, आणि शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी जगभरच्या हजारो लहान पतंगांना नावे दिली. भारतातल्या सूक्ष्म पतंगांची आज वापरात असलेली कितीतरी नावे या दोघांच्या पत्रव्यवहारातून आलेली आहेत. शंभर वर्षे होऊन गेली. त्या नोंदी अजून आपल्या आधाराच्या आहेत, ही त्यांच्या कामाची थोरवी. आणि त्यांत भर फार थोडी पडली, ही आपली उणीव.

जांभळीचे पान जाडसर, तुळतुळीत, वरून गडद हिरवे. ते उन्हाकडे धरा. निरोगी भागातून उजेड हिरवा येतो, पोखरलेल्या भागातून पिवळट-तपकिरी. तो भाग बारकाईने पाहिला तर त्याची सुरुवात सापडते: सुईच्या टोकाएवढा एक डाग. या कुळातल्या मादीच्या पोटाच्या टोकाला टोकदार अवयव असतो. त्याने ती पानाचा पापुद्रा टोचते आणि अंडे आत ठेवते. म्हणून अंडे बाहेरून दिसत नाही, आणि पावसाने धुऊनही जात नाही. अळी आतल्या आतच जन्मते आणि जन्मल्याजागी खायला लागते. सुरुवातीला बोगदा दोऱ्याएवढा बारीक. अळी वाढते तसा तो रुंदावत जातो आणि शेवटी पसरून त्याचा एक डाग होतो, ज्यात मधला हिरवा मगज संपलेला असतो आणि वरखाली दोन कोरडे पापुद्रे तेवढे राहतात.

त्या दोन पापुद्र्यांमध्ये अळी असेल तर उजेडात तिची सावली हलताना दिसते. तिचे शरीर चपटे असते, कारण जागाच तेवढी. डोके पुढे निमुळते, जबडे खाली न वळता थेट समोर. पाय जवळपास नसल्यासारखे. पानावर हिंडणाऱ्या सुरवंटाला देठाला धरून ठेवायला पाय लागतात. हिला दोन्ही बाजूंनी पानानेच धरलेले असते. भिंगातून बघितले तर डोक्याची पुढे-मागे होणारी लय दिसते, आणि मागे राहिलेली विष्ठेची काळी रेघ. तिने काय खाल्ले, कुठे वळली, कुठे थांबून कात टाकली, हे सगळे त्या डागात शिल्लक असते.

खरी नवलाची गोष्ट शेवटी घडते. अळीची वाढ पुरी झाली की ती डागाच्या आत एक लंबगोल आखते आणि त्या रेषेवर वरचा पापुद्रा कापते, खालचाही तसाच कापते. दोन्ही तुकड्यांच्या कडा रेशमाने शिवते. आपण आत बसून कडा मुरडून घेतलेली तिळाएवढी करंजीच म्हणा ना. ती पानातून सुटते, अळीला घेऊन खाली पडते, आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात किंवा एखाद्या सालीच्या खाचेत अडकते. तिच्याच आत कोष होतो. पतंग बाहेर पडायच्या वेळी कोष अर्धा बाहेर सरकतो आणि फाटतो. इकडे झाडावर त्या पानात राहते एक स्वच्छ कापलेले लंबगोल भोक. कडा इतकी नेटकी की कात्रीने कापली असावी. जांभळीवर पाने पोखरणाऱ्या इतर पतंगांच्या अळ्याही आहेत, त्यांचे डागही मोठे, पसरट आणि फुगीर असतात. पण डागाच्या एका टोकाला असे लंबगोल भोक असेल तर ते काम हेलिओझेलिडी कुळाचे, हे मुलांनाही पहिल्याच दिवशी ओळखता येते. पतंग आयुष्यात एकदाही न दिसता त्याची हजेरी लावता येते ती अशी.

या कुळाच्या जगातल्या गोष्टी सांगायच्या तर दोन पुरेत. इटलीच्या उत्तर भागात २००६ च्या सुमारास द्राक्षाच्या वेलींवर अशी भोके पडलेली पाने दिसू लागली. अळी कोणाची हे कळायला काही वर्षे गेली, २०१२ मध्ये ती जात नव्याने वर्णिली गेली आणि मूळची उत्तर अमेरिकेतली निघाली. तिकडच्या रानटी द्राक्षवेलींवर ती पिढ्यान्‌पिढ्या होती, पण तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या बागेत उतरली तेव्हा तिला नाव मिळाले. द्राक्षांवर संसार चालवणाऱ्या महाराष्ट्राने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथे बोरोनिया नावाची सुगंधी झुडपे आहेत आणि त्यांचे परागण याच कुळातले इवलेसे पतंग करतात.

हेलिओझेलिडी हे केवळ एक कुळ. पाने पोखरण्याची रीत पतंगांच्या अनेक कुळांत आहे. नेप्टिक्युलिडी हे त्यांतले आकाराने सगळ्यांत लहान. त्यांतल्या काही पतंगांचे पसरलेले पंख तीन मिलिमीटरच्या आसपास भरतात. टिशेरिडी आणि ओपोस्टेजिडी ही आणखी दोन लहान कुळे. सर्वांत मोठे ग्रॅसिलारिडी, त्याच्या जाती दोन हजारांच्या जवळ. विदर्भातल्या शेतकऱ्याशी ओळख आहे ती या मोठ्या कुळातल्या एकीची. लिंबू, संत्री, मोसंबीच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी चकाकणारी नागमोडी रेघ दिसते आणि पान वाकडे होते, ती नागअळी. तिचे शास्त्रीय नाव फिल्लोक्निस्टिस सिट्रेला. कोलकात्याहून गेलेल्या नमुन्यांवरून स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये ती वर्णिली.

तिची रीत जांभळीतल्या अळीपेक्षा वेगळी आहे आणि ती समजून घेतली तर बागेतला निम्मा गोंधळ कमी होतो. नागअळी पानाचा मगज खात नाही. ती सर्वांत वरच्या पापुद्र्याच्या पेशी फोडून त्यांतला रस पिते. पापुद्रा मोकळा होतो, खाली हवा शिरते, म्हणून रेघ रुपेरी दिसते; मधोमध काळी बारीक रेषा असते ती विष्ठेची. शेवटच्या अवस्थेत ती खाणे थांबवते, पानाच्या कडेशी येते, रेशीम ओढून कड दुमडते आणि त्या दुमडीत कोष करते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पिढी पुरी होते. तिला लागते ती कोवळी पालवी, आपल्याकडचे बागाईतदार जिला नवती म्हणतात ती. पान जून झाले की तिचे काही चालत नाही. म्हणजे फवारणीचा विचार करायचा तो नवतीवर. रेघा पडून, पान वाकून, पतंग उडून गेल्यावर त्या पानावर औषध मारणे म्हणजे पैसा आणि मित्रकीटक दोन्ही घालवणे. मोठ्या, धरत्या झाडाला थोड्या रेघांनी काही होत नाही. रोपवाटिकेतल्या कलमांना आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या झाडांना मात्र ती मागे टाकते. शिवाय तिने उघड्या केलेल्या पापुद्र्यातून खैऱ्याचे जिवाणू सहज शिरतात, कागदी लिंबाच्या बागेत हे दुखणे जास्त. याबाबत अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था यांचा सल्ला घ्यावा. ही पुस्तिका फवारणीचे वेळापत्रक नाही.

याच नागअळीने १९९३ मध्ये अमेरिकेतले फ्लोरिडा आणि युरोपातले स्पेन गाठले आणि पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीच्या व कॅरिबियन भागातल्या लिंबूवर्गीय बागा व्यापल्या. फ्लोरिडात तिच्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही परोपजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली. ती नागअळीच्या शरीरात अंडे घालते, एका अंड्यातून एकाहून अधिक पिल्ले होतात आणि अळी आतून संपते. विदेशातून माशी आणून सोडावी लागली, कारण तिथे नागअळी एकटी पोहोचली होती. आपल्याकडे ती आपल्या शत्रूंसह राहते. हा फरक फार मोलाचा आहे, आणि सरसकट फवारणीत आपण तो गमावतो.

नागअळी बेलावरही येते. बेल लिंबाच्याच कुळातला. लोणारच्या परिसरात महादेवाची मंदिरे बरीच आहेत. श्रावणात बेल तोडताना त्रिदल अखंड आहे ना, किडलेले नाही ना, हे प्रत्येक घरातली बाई बघूनच पान टोपलीत टाकते. ज्या पानावर रुपेरी रेघ असते ते बाजूला पडते. ते बाजूला पडलेले पान टाकून देऊ नका, एवढीच माझी विनंती. बेलपत्रावरची ही रेघ घरच्या लिंबावरच्या रेघेशी जुळवून पाहा. मुलांना दाखवा. पूजेच्या निवडीमुळे पान बघण्याची नजर आपल्या घरांत आधीच आहे, ती या कामी आणता येईल.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केले. असे करणारे आपले पहिले राज्य. त्या राजबिंड्या फुलपाखराची अळीसुद्धा लिंबाच्या वर्गातल्या झाडांची पाने खाते. म्हणजे एकाच वर्गातली झाडे हाताच्या पंजाएवढ्या फुलपाखराला वाढवतात आणि तांदळाच्या दाण्याहून लहान पतंगालाही. पहिल्याला राज्याचा मान मिळाला याचा आनंद आहे. दुसऱ्याला निदान त्याच्या नावाने ओळखले जावे.

नवख्या माणसाची फसगत कुठे होते, तेही इथेच सांगून ठेवतो. पावसाळा उतरताना सागाची पाने जाळी होऊन जातात, शिरा तेवढ्या राहतात. ते काम पान पोखरणाऱ्या अळीचे नाही. ती अळी पानाच्या बाहेर बसून हिरवा भाग खरवडते आणि शिरा सोडते. टोमॅटो, एरंडी, वाल यांच्या पानांवरच्या पांढऱ्या नागमोडी रेघा बहुधा माशीच्या अळीच्या असतात. तिलाही आपण नागअळीच म्हणतो. भिंगाखाली फरक कळतो. माशीच्या अळीला वेगळे असे डोके नसते, तोंडाशी दोन काळे आकडे असतात, आणि तिची विष्ठा बोगद्याच्या दोन्ही कडांना आलटून पालटून पडलेली दिसते. पतंगाच्या अळीला तपकिरी, स्पष्ट डोके असते आणि विष्ठेची रेषा बहुधा मधोमध. काही भुंगेरे आणि काही गांधीलमाश्यांचे भाऊबंदही पाने पोखरतात. तेव्हा रेघ दिसली की पतंग, असा निष्कर्ष घाईने काढू नये. सोयाबीन-भुईमुगावरची पाने पोखरणारी अळी आणि २०१४ मध्ये भारतात प्रथम पुणे भागात आढळलेली टोमॅटोवरची टुटा या दोन्ही पतंगाच्याच, पण त्यांचे कुळ आणखी वेगळे.

पानाच्या आत राहण्याचा फायदा उघड आहे. ऊन लागत नाही, पाऊस झोडपत नाही, अन्न तोंडापुढे. पण आत गेलेल्या अळीला पळता येत नाही. एक पान म्हणजे तिचे सगळे जग. ते गळाले, वाळले, शेळीने ओरबाडले की संपले. शिवाय तिचा बोगदाच तिचा पत्ता सांगतो. मिलिमीटरभराच्या गांधीलमाश्या पानावर उतरतात, शिंगांनी चाचपतात, आत हालचाल कुठे आहे ते हेरतात आणि पापुद्र्यातून नळी खुपसून अंडे घालतात. घरी डबीत ठेवलेल्या पोखरलेल्या पानातून पतंगाऐवजी अशी निळसर-हिरवी चमकणारी माशी निघाली तर निराश होऊ नका. तिची नोंद पतंगाच्या नोंदीएवढीच कामाची आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीने तर जास्तच.

पान गळण्याच्या संकटावर काही अळ्यांनी तोडही काढली आहे. थंड देशांत शरद ऋतूत झाडाची पाने पिवळी पडतात, तेव्हा काही पानांत अळीभोवतीचा तुकडा तेवढा हिरवा राहतो. सफरचंदाच्या पानातल्या एका ग्रॅसिलारिडी अळीवर झालेले काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अळीच्या शरीरातले वोल्बाकिया नावाचे जिवाणू मारले की तो हिरवा तुकडा दिसेनासा होतो, असे त्यात आढळले. म्हणजे झाडाने मरायला सोडलेले पान जिवाणूच्या मदतीने अळी आपल्यापुरते जिवंत ठेवते. आपल्याकडे पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. विवराच्या उतारावर पिवळ्या पानात असा हिरवा ठिपका शोधण्याचे काम कोणाही शाळकरी मुलीला करता येण्यासारखे आहे.

आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मॅसिडोनियातल्या ओहरिड सरोवराजवळ १९८४ मध्ये हॉर्स चेस्टनटच्या झाडांची पाने तपकिरी पडलेली दिसली. आत पतंगाच्या अळ्या होत्या. दोन वर्षांनी त्या जातीला कॅमेरारिया ओहरिडेला हे नाव मिळाले. पुढे हा पतंग युरोपभर पसरला, शहरांतली झाडे ऐन उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसू लागली, आणि हा आला कुठून यावर तर्क चालू राहिले. उत्तर मिळाले ते वनस्पतिसंग्रहालयांच्या कपाटांत. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कागदावर चिकटवून ठेवलेली चेस्टनटची पाने तपासली, तर ग्रीसमध्ये १८७९ साली तोडलेल्या पानात या पतंगाच्या अळ्या दाबून वाळलेल्या मिळाल्या. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. फांदी तोडणाऱ्याला झाड हवे होते. अळी त्याच्याबरोबर न कळत जपली गेली. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कपाटांत आणि आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या वनस्पतिविभागांत अशी दाबलेली पाने पुष्कळ आहेत. कोणीतरी जांभूळ, बेल, करंज यांचे जुने कागद भिंगाखाली धरावेत. या कामाला पैसा लागत नाही, सवड लागते.

पुस्तिकेची मांडणी झाडांप्रमाणे केली आहे, पतंगांच्या कुळांप्रमाणे नाही. कारण वाचकाच्या हातात पहिल्यांदा पान येते. कुठले झाड आहे ते ओळखा, मग त्या प्रकरणात जा. बोगदा वरच्या बाजूला आहे की खालच्या, अखेरपर्यंत रेघ राहिली की पसरून डाग झाला, विष्ठा कुठे पडली, बाहेर पडायचे भोक कसे आहे: एवढे चार प्रश्न विचारले की बहुतेक वेळा कुळापर्यंत पोहोचता येते. जातीचे नाव देण्याची घाई करू नका. या पतंगांत पंखांचे रंग इतके सारखे असतात की जात ठरवायला अवयवांची तपासणी किंवा डीएनए लागतो. खात्री नसेल तिथे कुळाशी थांबणे हेच शास्त्रीय वागणे.

साहित्य थोडे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलचा कॅमेरा, झाकणाची पारदर्शक डबी, टिपकागद. पान डबीत ठेवायचे, टिपकागद किंचित ओला, डबी सावलीत. पाणी जास्त झाले की बुरशी धरते, कमी झाले की पान कुरकुरीत होऊन अळी मरते. डबीवर तीन गोष्टी लिहा: झाड, जागा, तारीख. या तीन नसतील तर आतून निघालेला पतंग कितीही देखणा असो, अभ्यासाच्या कामाचा नाही.

एक गोष्ट सक्त. विवर अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पान तोडू नये, कीटक उचलू नये. आत फक्त फोटो. पाने गोळा करायची तर आपल्या आवारातली, धुऱ्यावरची, शाळेतली. तिथे काही कमी नाही. ज्या जांभळीखाली मुले डबा खातात तिच्यावर वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

तेव्हा वाचकांना, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांना, दोन कामे सांगतो. येत्या पावसाळ्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक झाड नेमून द्या आणि आठवड्यातून एकदा त्याच झाडाची पाने बघून वहीत नोंद करायला लावा. आणि जांभळीखालचा पाचोळा झाडून जाळू नका. हेलिओझेलिडीचे कोष त्याच पाचोळ्यात असतात. तो पेटवला की पुढच्या वर्षीची पिढी तिथेच संपते. पाचोळा बुंध्याभोवती ओढून ठेवा.